कढईनंतरचं तेल

दिवाळीच्या आठवड्यात चकलीचा शेवटचा घाणा निघतो, कढई उतरते आणि उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घर आपापल्या परीनं सोडवतं. काटकसरी घरात ते गाळून बरणीत जातं आणि पुढचे पंधरा दिवस फोडणीला पुरतं. बाकीच्या घरांत ते मोरीत ओतलं जातं. धंद्यातलं तेल मात्र मोरीत जात नाही, कारण त्याला भाव असतो. मोठ्या तळणीतून उतरलेलं काळपट तेल कमी भावानं धाकट्या गाडीवाल्याकडे जातं आणि त्याच्याकडे त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर हे तर तळणारं गाव. रमजानच्या रात्री जिच्यासाठी गर्दी लोटते ती मावा जलेबी, शेव-फरसाणाची दुकानं, लालबागच्या स्टेशनापासून शनवाऱ्यापर्यंत लागणाऱ्या भज्या-कचोरीच्या गाड्या आणि त्यांच्या जोडीला केळीचे वेफर्स. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्याच्या वाट्याला केळी आली आहे. केळीवर प्रक्रिया करायची म्हटली की सगळ्यांत आधी आठवतात ते वेफर्स, आणि वेफर्स म्हणजे तेल. अशा गावात वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करणारा छोटा प्रकल्प उभारावा ही कल्पना आता बरीच जुनी झाली आहे. तिच्यावर प्रशिक्षणं होतात, प्रकल्प अहवाल विकले जातात, यंत्रं विकणारे कोष्टकं दाखवतात. माझं म्हणणं असं की प्रकल्प जरूर उभारावा, पण यंत्रापासून सुरुवात करू नये. बऱ्हाणपुरासारख्या ठिकाणी या धंद्याचा खरा माल म्हणजे खाण्याच्या साखळीतून बाहेर काढलेलं तेल. डिझेल हा त्यावरचा जोडधंदा आहे. हा क्रम उलटा लावला की हिशेब बसत नाही आणि कारखाना बंद पडतो.

यंत्र दुय्यम का, हे रसायन समजलं की लक्षात येतं. खाद्यतेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. त्यामुळे तेल दाट असतं, इंजिनात नीट फवारलं जात नाही आणि अर्धवट जळून काजळी धरतं. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश घालून तेल साठ अंशांच्या आसपास तासभर ढवळलं की त्या तीन साखळ्या ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलला चिकटतात. ढवळणं थांबवलं की जड ग्लिसरीन खाली बसतं आणि वर पातळ, पिवळसर एस्टर तरंगतं, तेच बायोडिझेल. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं म्हणून तापमान त्याच्या खाली ठेवायचं, एवढं पथ्य. ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांनी या कृतीचं पेटंट १९३७ मध्ये घेतलं आणि पुढच्याच वर्षी पामतेलाच्या एस्टरवर ब्रुसेल्स ते लूव्हाँ अशी बसही धावली. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची भुईमुगाच्या तेलावरची कथा त्याहून जुनी आहे, पण ती सांगितली जाते तशी नाही. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्याच्या इंजिनात पहिल्यांदा इंधन पेटलं. भुईमुगाचं तेल आलं ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. जागतिक जैवइंधन दिनाच्या भाषणांत मात्र दोन्ही गोष्टी दरवर्षी एकाच तारखेला उरकल्या जातात.

ताज्या तेलावर ही कृती कॉलेजच्या प्रयोगशाळेतही पहिल्या फटक्यात जमते. अडचण सुरू होते ती वापरलेल्या तेलापाशी. कढईत बटाटा, बेसन, केळं पडलं की पाणी येतं. पाणी आणि उष्णता मिळून तेलाचे तुकडे करतात आणि मेदाम्लं मोकळी होतात. मोकळं मेदाम्ल सोड्याला भेटलं की साबण होतो. साबण झाला की थर वेगळे होत नाहीत, मिश्रण फेसाळतं आणि अख्खं पिंप वाया जातं. मोकळी मेदाम्लं दोन-तीन टक्क्यांच्या वर गेली तर आधी सल्फ्युरिक आम्लाची वेगळी प्रक्रिया करावी लागते, म्हणजे खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. म्हणून प्रत्येक पिंपातल्या तेलाचा नमुना घेऊन फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकायचे, गुलाबी रंग येईपर्यंत सोड्याचं द्रावण मोजायचं आणि त्यावरून त्या घाण्याला किती सोडा लागेल ते ठरवायचं. हे काम दहावीच्या विज्ञानाचं आहे, पण ते रोज आणि न कंटाळता करावं लागतं. तेल कुठून आलं, किती वेळा तापलं, त्यात पाणी किती, हे ज्याला आधीच माहीत आहे त्याचं रसायन सोपं. ज्याच्याकडे भंगारवाल्याकडून आलेलं, दहा कढयांचं मिसळलेलं पिंप येतं, त्याच्यासाठी प्रत्येक घाणा जुगार. म्हणजे यंत्राचं यशही शेवटी संकलनावरच ठरतं.

आता तेल किती, ते पाहू. देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरलं जातं आणि त्यातलं १४० कोटी लिटर हॉटेलं, उपाहारगृहं, कँटीन अशा मोठ्या वापरकर्त्यांकडून परत गोळा करता येईल, त्यातून ११० कोटी लिटर बायोडिझेल निघेल, असा सरकारी अंदाज आहे. १४० कोटी लिटर म्हणजे ढोबळमानानं माणशी वर्षाला एक लिटर. २०११ च्या जनगणनेत बऱ्हाणपूर शहराची लोकसंख्या दोन लाख दहा हजारांच्या आसपास आणि जिल्ह्याची साडेसात लाखांच्या वर होती. राष्ट्रीय सरासरी जशीच्या तशी लावली तर शहरातून वर्षाला दोन लाख लिटर, म्हणजे दिवसाला साडेपाचशे-पावणेसहाशे लिटर तेल हाती यायला हवं. यातलं निम्मं गोळा झालं तरी मोठं यश मानावं लागेल, म्हणून तीनशे लिटर धरू. सरकारी अंदाजाच्याच प्रमाणात त्याचं बायोडिझेल दिवसाला २३५ लिटर. वेफर्सच्या कारखान्यांमुळे हा आकडा वर सरकेल, हातगाड्यांच्या चिकाटीमुळे खाली येईल; पण तो शेकड्यांतच राहील. दिवसाला एक घाणा, तीनशे लिटरची एक टाकी, दोन-तीन माणसं. प्रकल्प अहवालांत दिवसाला पाच-दहा टनांची जी यंत्रं दाखवतात ती या गावात वर्षातले बहुतेक दिवस उपाशी राहतील.

कच्च्या मालाआधी कारखाना उभारण्याचा धडा या देशानं एकदा घेतलेला आहे. नियोजन आयोगानं २००३ मध्ये बायोडिझेलचं राष्ट्रीय अभियान मांडलं ते मोगली एरंडाच्या भरवशावर. पलीकडच्या हिंदी मुलखात त्यालाच रतनजोत म्हणतात. एक कोटी हेक्टरांहून अधिक पडीक जमिनीवर लागवड करायची होती. २००९ च्या जैवइंधन धोरणानं तर २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलं. पडीक जमिनीवर झाड जगलं, पण बी धरलं नाही. जिथे बी धरलं तिथे पाणी आणि खत द्यावं लागलं, आणि पाणी-खत द्यायचं तर शेतकरी एरंड का लावेल? २०१८ च्या धोरणानं उद्दिष्ट गुपचूप २०३० पर्यंत पाच टक्क्यांवर आणलं आणि आजही डिझेलमधलं बायोडिझेल एक टक्क्याच्या आतच आहे. याच धड्याची दुसरी, जास्त शहाणी बाजू बऱ्हाणपूर जिल्ह्यातच आहे. नेपानगरची कागद गिरणी १९५६ मध्ये नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली तेव्हा ती सातपुड्यातल्या सालई आणि बांबूवर चालायची होती. जंगल पुरेनासं झालं आणि गिरणी हळूहळू रद्दीवर आली. नूतनीकरणासाठी काही वर्षं बंद राहून ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली तीही रद्दीवरच. रद्दी मिळते, कारण गल्लीतल्या हातगाडीपासून गोदामापर्यंत तिचा एक रस्ता गेली कित्येक दशकं पडलेला आहे. वापरलेल्या तेलालाही असा रस्ता आहे; फक्त तो उलट्या दिशेनं, खाणाऱ्याच्या ताटाकडे जातो.

तो रस्ता वळवण्यासाठी कायदा आहे. तळणाचं तेल पुन्हापुन्हा तापून त्यात वाढत जाणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वापरलेलं तेल खाण्यातून बाहेर काढण्याची ‘रुको’ ही मोहीम सुरू केली, आणि १ मार्च २०१९ पासून रोज पन्नास लिटरांहून जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना तेलाची नोंदवही ठेवणं आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच देणं बंधनकारक झालं. नियम चांगला आहे, पण त्याची मर्यादा पन्नास लिटरांवर थांबते. बऱ्हाणपुरातल्या रस्त्यावरच्या कढया या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत आणि तेलाचा शेवटचा, सगळ्यांत वाईट प्रवास त्यांच्याकडेच होतो. मोठा दुकानदार कायद्यात सापडतो. त्याच्याकडून तेल घेणारा गाडीवाला सापडत नाही. त्यात आयात शुल्काचा परिणाम वेगळा. आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेलं. मे २०२५ मध्ये ते १६.५ टक्क्यांवर उतरलं. ताज्या तेलाचा डबा महागला की जुनं तेल आणखी दोन दिवस ताणण्याची ओढ वाढते. हा गाडीवाल्याचा दुष्टपणा नाही. दिवसाच्या गल्ल्यातून तेलाचा खर्च काढून जे उरतं त्यावर त्याचं घर चालतं. त्यामुळे नुसत्या धाडी घालून हे तेल बाहेर येणार नाही. जुनं तेल विकत घेणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्यापेक्षा संकलकानं चार पैसे जास्त मोजायला हवेत, किंवा जुन्याच्या बदल्यात ताजं तेल सवलतीनं द्यायला हवं.

मोजायचं म्हणजे कसं, याचं उत्तर खानदेश-निमाडच्या प्रत्येक खेड्यात रोज सकाळी दिसतं. दूध डेअरीवर किटलीतलं दूध मापलं जातं, फॅट लागते, त्यानुसार भाव लागतो आणि आठवड्याला पैसे मिळतात. दुधात पाणी घालणाऱ्याला डेअरी नुसती ओरडत नाही, त्याचा भाव पाडते. तेलाच्या संकलनाला हीच व्यवस्था हवी. ध्रुवीय घटक मोजणारं हातातलं मीटर कढईत बुडवलं की मिनिटभरात आकडा दाखवतं. आम्लता मोजायला वर सांगितलेलं गुलाबी रंगाचं काम, पाणी कळायला थोडं तेल तापवून तडतड ऐकणं, आणि वजन. चार कसोट्या, त्यावर भाव. वीस-बावीस टक्क्यांवर असतानाच तेल देणाऱ्याला जास्त भाव मिळाला तर त्याला तेल ताणण्यात फायदा राहत नाही, आणि कारखान्यालाही कमी आम्लाचं, सोपं तेल मिळतं. इथे आरोग्य आणि रसायन एकाच दिशेला ओढतात. हे काम कुणी करावं? जिल्ह्यातल्या महिलांच्या स्वसहायता समूहांनी केळीच्या खोडापासून धागा काढण्याचं काम याआधी केलेलं आहे. गोळा करणं, वजन, नोंद, वाटप यांची त्यांना सवय आहे. त्यांच्या हाती मीटर आणि पिंपं दिली तर रिअॅक्टर येण्याआधीच धंदा सुरू होतो, कारण गाळून, पाणी उडवून, आम्लता लिहून ठेवलेलं तेल अधिकृत मोठ्या संकलकाला तसंही विकता येतं. आणि संकलनाला राज्याची सीमा पाळण्याचं कारण नाही. रावेर, सावदा आणि पलीकडे भुसावळ हा सगळा केळीचा आणि रेल्वेचा एकच पट्टा आहे. खंडवा दुसऱ्या बाजूला. अन्न सुरक्षेचा कायदा दोन्ही राज्यांत एकच. तीनशे लिटरांचे हजार लिटर व्हायचे असतील तर ते याच पट्ट्यातून होतील.

पहिला आक्षेप सरळ पैशांचा: इतक्या लहान मापात परवडतं का? २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत वापरलेल्या तेलाच्या बायोडिझेलसाठी निविदा काढल्या तेव्हा पहिल्या वर्षाचा भाव लिटरला ५१ रुपये जाहीर झाला, दुसऱ्या वर्षी ५२.७० आणि तिसऱ्या वर्षी ५४.५० ठरला. वरच्या सरकारी प्रमाणानं एक लिटर बायोडिझेलला सव्वा लिटरहून थोडं जास्त जुनं तेल लागतं. ते तेल तीस रुपयांनी पडलं असं धरलं तर अडतीस रुपये तेलातच गेले. चाळीस रुपयांनी पडलं तर ५१ रुपये पुरते संपले आणि मिथेनॉल, वीज, मजुरी, वाहतूक यांना काही उरलं नाही. हा हिशेब बघून अनेक जण प्रकल्प गुंडाळतात आणि त्या हिशेबात ते बरोबरच आहेत. पण त्यातला नाजूक आकडा कोणता ते पाहा. भाव सरकारच्या हाती, मिथेनॉल बाजाराच्या. आपल्या हातात राहते ती घट. चांगल्या तेलातून शंभरला नव्वद-पंचाण्णव निघतात. घाणेरड्या, पाणचट, आंबलेल्या तेलातून पंचाहत्तर. ही पंधरा-वीस लिटरांची तफावत म्हणजेच लहान कारखान्याचा नफा किंवा तोटा, आणि ती यंत्र बदलून भरून निघत नाही, पिंप बदलून निघते. दुसरं असं की तेल कंपन्यांची खरेदी टँकरच्या मापानं चालते. तीनशे लिटरवाल्यानं त्या दाराशी उभं राहूच नये. वेफर्सच्या कारखान्यांनी आपलं जुनं तेल द्यावं आणि त्यातलं इंधन आपल्याच जनरेटरसाठी परत घ्यावं, असं सहकारी चक्र लावलं तर तुलना ५१ रुपयांशी राहत नाही, पंपावरच्या डिझेलच्या भावाशी होते. बायोडिझेलमधली ऊर्जा लिटरमागे आठ-नऊ टक्क्यांनी कमी असते, हे वजा करूनही तो हिशेब बराच सुसह्य आहे.

अशी चक्रं चालतात, याला पुरावा आहे. ऑस्ट्रियातल्या म्युरेक गावातल्या शेतकऱ्यांनी १९८९ मध्ये सहकारी संस्था काढली, आधी आपल्याच मोहरीवर्गीय पिकाचं बायोडिझेल केलं आणि नंतर वापरलेल्या तेलाकडे वळले. जवळच्या ग्राट्स शहरानं १९९४ पासून हॉटेलं आणि घरांतून गोळा केलेल्या तेलावर सिटी बस चालवायला सुरुवात केली आणि दहाएक वर्षांत सगळा ताफा त्यावर नेला. आपल्याकडे ओडिशात ‘ग्रामविकास’ संस्थेच्या सोबतीनं किंचिलिंगी या आदिवासी गावात २००४ च्या सुमारास पायडल मारून फिरवायच्या रिअॅक्टरमध्ये मोह, करंज अशा बियांच्या तेलाचं बायोडिझेल करून पाण्याचा पंप चालवला गेला. एका वेळी फार तर वीस लिटर. हे प्रयोग एकमेकांसारखे नाहीत, पण तिन्ही ठिकाणी यंत्राची खरेदी होण्याआधी तेल देणारा आणि इंधन घेणारा ठरलेला होता. जिथे विकत घेणारा नंतर शोधायचा असं ठरतं तिथे काय होतं ते गुजरातेत दिसलं. आयात केलेलं बेस ऑईल आणि भलतीच मिश्रणं ‘बायोडिझेल’ या नावाखाली हायवेवर ट्रकवाल्यांना विकली गेली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारला धाडसत्र काढावं लागलं. एप्रिल २०१९ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वाहनांसाठी बायोडिझेल विकायचं ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठी, आणि माल भारतीय मानक १५६०७ मध्ये बसला पाहिजे: ९६.५ टक्के एस्टर, मुक्त ग्लिसरीन ०.०२ टक्क्यांच्या आत, मिथेनॉल ०.२ टक्क्यांच्या आत. प्रत्येक घाण्याची अशी पूर्ण तपासणी लहान कारखान्याला झेपणार नाही. म्हणून त्यानं रस्त्यावर विकण्याच्या भानगडीत पडू नये. सभासदांच्या जागेवरच्या यंत्रांपुरतं करावं, तेही आधी डिझेलमध्ये वीस टक्के मिसळून, आणि त्याला कोणकोणते परवाने लागतात ते प्रशासनाकडून लेखी घ्यावं. जुन्या जनरेटरचे रबरी पाईप शुद्ध बायोडिझेलनं फुगतात, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून पहिले एक-दोन फिल्टर तुंबतात. हे आधी सांगितलं नाही तर दोष इंधनाला लागतो.

दुसरा आक्षेप मिथेनॉलचा, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. मिथेनॉल दहा मिलिलिटर पोटात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, तीस मिलिलिटरनं माणूस दगावू शकतो. दिसायला, वासाला ते दारूसारखं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलनं. विषारी दारूचे बळी २०२१ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या मुरैनानंही पाहिले आणि २०२२ मध्ये गुजरातेतल्या बोटादनंही. मिथेनॉलची वाफ बारा अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, म्हणजे निमाडातल्या मे महिन्यात सोडाच, जानेवारीच्या दुपारीही. आणि त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही. तीनशे लिटरांच्या एका घाण्याला साठेक लिटर मिथेनॉल लागतं. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त इंधनात जातं. बाकीचं ग्लिसरीन आणि एस्टरमधून ऊर्ध्वपातन करून परत मिळवायचं असतं. घराच्या पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, शेगडीवर हे करायला सांगणारे व्हिडिओ पाहून कुणी हात घालू नये, एवढं स्पष्ट बोललं पाहिजे. मग लहान प्रकल्प करूच नये का? इथेही माझं उत्तर संकलनाकडेच जातं. गोळा करणं, मोजणं, गाळणं, पाणी उडवणं या कामांत मिथेनॉल नाही. ती शहरभर, अनेक हातांनी होऊ शकतात. मिथेनॉल फक्त एकाच जागी असावं: वस्तीपासून दूर, औद्योगिक क्षेत्रात, बंद नळ्यांच्या यंत्रात, ठिणगी न पाडणाऱ्या मोटारींसह, आबकारी आणि अग्निशमन खात्यांना रोजचा साठा दाखवणाऱ्या नोंदवहीसकट. साखरपट्ट्यातला वाचक म्हणेल, मिथेनॉल कशाला, आपल्याकडे मळीचं इथेनॉल आहे की! शावान यांनीही इथेनॉलच वापरलं होतं. पण इथेनॉल जवळजवळ निर्जल लागतं, वापरलेल्या तेलात त्याचे थर वेगळे होताना फार त्रास देतात, आणि पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी त्याला आधीच गिऱ्हाईक आहे. चोरवाटेनं पिण्यासाठी जाण्याचा धोका तर इथेनॉलमध्ये जास्तच.

मागे उरणाऱ्या गोष्टींचं थोडक्यात सांगायला हवं. दर शंभर किलो तेलामागे दहा किलो काळसर ग्लिसरीन निघतं, त्यात साबण, सोडा आणि मिथेनॉल असतं. जगभर बायोडिझेल वाढल्यापासून कच्च्या ग्लिसरीनला भाव नाही. मिथेनॉल काढून घेतल्यावर ते बायोगॅसच्या टाकीत थोड्या प्रमाणात घातलं तर गॅस वाढतो, एवढाच लहान कारखान्याला जमणारा उपयोग. बायोडिझेल पाण्यानं धुतलं तर लिटरमागे एक ते तीन लिटर साबणाचं पाणी निघतं, आणि ते उघड्या गटारीतून तापीत सोडलं तर ज्या घाणीपासून सुटका करायची तीच नव्या रूपात नदीत जाते. पाण्याऐवजी रेझिनवर कोरडं शुद्धीकरण करता येतं, खर्च वाढतो, तो धरावा. पामोलीनचं बायोडिझेल तेरा-चौदा अंशांखाली गढूळ व्हायला लागतं, म्हणून थंडीत त्याचं डिझेलमधलं प्रमाण कमी ठेवावं.

तिसरा आक्षेप नवा आहे: लहानांची गरजच काय, मोठे येतच आहेत. इंडियन ऑईलच्या पानिपत रिफायनरीला २०२५ मध्ये वापरलेल्या तेलापासून वर्षाला ३५ हजार टन विमान-इंधन करण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का, २०२८ मध्ये दोन आणि २०३० मध्ये पाच टक्के शाश्वत इंधन मिसळण्याचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. युरोपातही वापरलेल्या तेलाच्या इंधनाला सवलत आहे. तिथे तर ताजं पामतेल ‘वापरलेलं’ म्हणून खपवलं जात असल्याचे संशय घेतले गेले. म्हणजे जुन्या तेलाचे भाव वाढणार आणि बऱ्हाणपूरच्या तीनशे लिटरांना दिल्लीपर्यंत मागणी येणार. हा आक्षेप खरा आहे, आणि यंत्रापासून सुरुवात करणाऱ्याला तो मारक आहे: त्याचा कच्चा माल त्याच्या डोळ्यांदेखत टँकरमध्ये चढेल. संकलनापासून सुरुवात करणाऱ्याला मात्र हीच बातमी चांगली आहे. ज्याच्याकडे दोनशे कढयांची यादी, त्यांच्या तेलाच्या आकड्यांची वही आणि वेळेवर पैसे देण्याचं नाव आहे, त्याच्या दारी पानिपतवाला येईल. त्या दिवशी रिअॅक्टर चालू ठेवायचा की तेल तसंच विकायचं, हा निव्वळ व्यापारी प्रश्न राहील, आणि दोन्ही उत्तरांत तेल पुन्हा भज्यांत जाणार नाही. गाड्या विजेवर गेल्या तर काय, असंही कुणी विचारतं. गाड्या विजेवर जाऊ देत. लोक शेव आणि वेफर्स खाणं थांबवणार नाहीत, आणि विमानं इतक्यात बॅटरीवर उडणार नाहीत.

मग आज काय करायचं? नगर निगमानं किंवा एखाद्या व्यापारी संघटनेनं यंत्राची निविदा काढण्याआधी तीन महिने नुसती मोजणी करावी. इतवारा, शनवारा, लालबाग अशा दोन-तीन भागांतल्या कढया, शहरातले वेफर्सचे कारखाने, वसतिगृहांची स्वयंपाकघरं आणि दिवाळीनंतरचा एक आठवडा घरोघरचं तेल. प्रत्येकाचं वजन, ध्रुवीय घटक, आम्लता आणि सध्या ते तेल कोण, किती भावानं नेतं याची नोंद. त्यातला शेवटचा रकाना सगळ्यांत अवघड आहे, कारण तो खरा भरायला दुकानदार तयार होणार नाही. तिथे अन्न निरीक्षकापेक्षा समूहातल्या बाईला उत्तर लवकर मिळेल. तीन महिन्यांनी रोजचा आकडा दीडशे लिटरांच्या खाली निघाला तर रिअॅक्टरचा विचार सोडून गाळलेलं तेल भुसावळ किंवा इंदूरच्या बाजूच्या अधिकृत संकलकाला द्यावं. तीनशेच्या वर निघाला, आम्लता दोन टक्क्यांच्या आत राहिली आणि वेफर्सवाल्यांनी इंधन परत घेण्याचा लेखी करार केला, तरच मिथेनॉलच्या परवान्याचा अर्ज भरावा.